रेघेची जाडी

नगररचना कार्यालयात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, कानामागे पेन्सिल आणि बोलणं अगदी मापात, म्हणून ते पट्टीकाका. नोकरीला एकतीस वर्षं झालेली, निवृत्तीला आठ महिने उरलेले. तेवढ्या वर्षांत अकरा साहेब आले नि गेले, पण मूळ नकाशाच्या लोखंडी कपाटाची किल्ली यांच्याच कमरेला राहिली. त्या नकाशावर शहरातली प्रत्येक जागा रंगात बसवलेली होती. पिवळ्यात घर बांधा, निळ्यात दुकान काढा, हिरव्यात मात्र एक वीट ठेवायची नाही. कोणाचीही बांधकामाची फाइल आली की पट्टीकाका कपाट उघडत, नकाशावर पट्टी लावत आणि जागा कुठल्या रंगात पडते त्याचा अभिप्राय लिहीत. तो काळ्या दगडावरची रेघ. साहेबलोक खाली सही करत, कारण तपासायचं तर टेबलावर वाकावं लागे आणि साहेबांना वाकायची सवय नसते.

अशा माणसाच्या टेबलावर एका सोमवारी त्याच्याच थोरल्या बहिणीची फाइल आली.

ताईचं घर ओढ्याकाठच्या नऊ घरांच्या ओळीत होतं. घर कसलं, उभी काडेपेटी. खाली पुढच्या बाजूला दुकान, मागे दोन माणसं एकमेकांना चुकवताना अंग चोरतील एवढं स्वयंपाकघर, आणि झोपायची खोली, न्हाणीघर, सगळं वर. दुकानात भाऊजी घड्याळं दुरुस्त करायचे. अकरा महिन्यांपूर्वी ते जिन्यावरून पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. आता दुकानात ताई बसते, बटणं नि दोरे विकते, आणि भाऊजी वर खिडकीशी बसून मागच्या परसाकडे बघतात. अकरा महिन्यांत ते दोनदाच खाली आले, दोन्ही वेळा दवाखान्यासाठी. चार शेजाऱ्यांनी खुर्चीसकट उचलून त्या वळणाच्या जिन्यावरून उतरवलं. पुढचे दोन पाय शेजारच्या किल्लीवाल्याने आणि त्याच्या भावाने धरले, मागचे दोन दूधवाल्याने आणि शिवणकाम करणाऱ्या एका धट्ट्याकट्ट्या गृहस्थाने. पट्टीकाका दोन्ही वेळा कचेरीत होते.

ताईला परसात एक खोली हवी होती, न्हाणीघरासकट. बस्स. नवऱ्याला पुन्हा जमिनीवर आणायचं होतं.

आणि परस हिरव्यात होतं. नीट सांगायचं तर हिरव्यातही नव्हतं. ते रेघेत होतं.

ही रेघ पट्टीकाकांनी स्वतः काढलेली. बावीस वर्षांपूर्वी नवा नकाशा दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांसाठी भिंतीवर लागायचा होता. तेव्हाचे साहेब डोक्यावर उभे होते. पिवळं आणि हिरवं वेगळं करणारी ओढ्याकाठची रेघ तेवढी बाकी होती आणि नेमकं बारीक टोकाचं पेन तुंबलं. ते धुऊन, सुकवून पुन्हा शाई भरायला अर्धा तास लागला असता. पट्टीकाकांनी मथळ्याची अक्षरं काढायचं जाड पेन उचललं आणि सर्रकन रेघ मारली. त्या नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाच मीटर. बारीक पेनाची रेघ जमिनीवर जेमतेम एक मीटर भरली असती आणि ओढ्याच्या कडेला पडली असती. जाड पेनाची चार मीटर भरली आणि नऊच्या नऊ घरांची परसं गिळून बसली.

पहिली फाइल आली तेव्हा पट्टीकाकांनी साहेबांना विचारलं होतं, की रेघेतली जागा कुठल्या रंगात धरायची. साहेब म्हणाले, शंका असेल तर हिरवं धरा, म्हणजे उद्या आपल्या अंगाशी येत नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तेव्हा साहेबांचा धाक होता, मग बढती तोंडावर होती, मग पहिला नकार जाऊन बसला होता, आणि एकदा नकार दिला की दुसऱ्याला होकार कसा द्यायचा? असं करत त्या ओळीतल्या सात घरांना त्यांनी सुवाच्य अक्षरात नाही म्हटलं. दुखणं अंगावर काढावं तशी त्यांनी ती रेघ बावीस वर्षं अंगावर काढली.

ताईची फाइल त्यांनी तीन दिवस खालीवर केली. होकार लिहावा तर सात घरं दारात येऊन विचारणार. नकार लिहावा तर संध्याकाळी त्याच ताईकडे जाऊन चहा कुठल्या तोंडाने प्यायचा? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चौथ्या दिवशी त्यांनी पेन उचललं आणि खरं लिहिलं. ही जाडी नकाशाची नसून माझ्या पेनाची आहे, चूक माझी, रेघ दुरुस्त व्हावी. खाली सही केली तेव्हा त्यांना फार हलकं वाटलं. आपण मोठं धाडस केलं असं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

साहेबांच्या खुर्चीत नव्याने आलेल्या मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या होत्या, आणि वाकून तपासणाऱ्या होत्या. त्यांनी नकाशा काढायला लावला, भिंग लावून रेघ पाहिली आणि फाइल मिटली.

"काका, रेघ जाड आहे, दिसतंच आहे," त्या म्हणाल्या. "पण अर्जदार तुमची सख्खी बहीण. हेच तुम्ही आधीच्या सातांपैकी एकाच्याही कागदावर लिहिलं असतं, तर मी आज सही केली असती. आता लोक म्हणतील, याला चूक कधी दिसली, तर स्वतःच्या घरावर आली तेव्हा. आणि ते खोटं आहे का?"

खोटं नव्हतंच ते. आयुष्यात एकदा खरं बोलावं आणि तेही उशीर झाला म्हणून कोणी घेऊ नये, याचं पट्टीकाकांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटायचा आपल्याला हक्क नाही याचं त्याहून जास्त. त्या सातांपैकी एकाने पुन्हा अर्ज केला किंवा जुना पुढे आणला तर त्यावरून दुरुस्ती मांडता येईल, एवढी वाट मॅडमनी ठेवली.

सातांतली सहा घरं केव्हाच विकली गेली होती. उरला तो किल्लीवाला.

पट्टीकाका त्याच्या दुकानात गेले, स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. पेन तुंबल्यापासून. किल्लीवाला कानस चालवत ऐकत होता. पट्टीकाकांचं सांगून झालं तरी त्याने हातातली किल्ली पुरी केली, फुंकर मारून कीस उडवला, मग फळीवरून एक पत्र्याचा डबा काढून त्यातला घडी घातलेला कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. नऊ वर्षांपूर्वीचा त्याचा अर्ज. तळाशी पट्टीकाकांचंच वळणदार अक्षर: जागा हरित पट्ट्यात, परवानगी देता येत नाही. आणि वर, बांधकामाचे कारण या रकान्यात लिहिलं होतं: आईला जिना चढवत नाही.

हा रकाना पट्टीकाकांनी तेव्हा वाचला नव्हता. त्यांच्या टेबलाला फक्त जागेचा नंबर आणि माप लागे.

"आई दीड वर्ष वरच होती," किल्लीवाला म्हणाला. "खाली आली ती चौघांच्या खांद्यावर."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. पुन्हा अर्ज करणार का, हे न विचारताच पट्टीकाकांनी कागदाची घडी घातली आणि तो परत पुढे केला.

"मला आता खोली नको, काका. पण हा कागद न्या. तुमचं काय लिहायचं ते माझ्या आईच्या कागदावर लिहा."

त्यांनी तसंच केलं. मॅडमनी दोनदा वाचलं आणि सही केली. मग नियम सांगितला: जाहीर सूचना, हरकती, सुनावणी, वरची मंजुरी. सगळं सुरळीत झालं तरी दोन वर्षं. रेघ वादात आहे तोवर त्या ओळीत कोणालाच परवानगी नाही, ताईलाही नाही. पट्टीकाकांवर चौकशी बसेल, ती वेगळीच. ते बरं म्हणाले आणि कपाटाची किल्ली मॅडमच्या टेबलावर ठेवून आले.

रविवारी ताईने निरोप धाडला. भाऊजींना थोडं ऊन हवं आहे, पण दूधवाल्याची कंबर धरली आहे. पट्टीकाका गेले आणि खुर्चीचा मागचा डावा पाय त्यांनी धरला. जिन्याच्या वळणावर खुर्ची तिरकी झाली, सगळं ओझं त्यांच्या मनगटात उतरलं, आणि खालून किल्लीवाला म्हणाला, "सावकाश काका, मी धरलंय." खुर्ची परसात, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली टेकवली. भाऊजींनी डोळे मिटून तोंड उन्हाकडे केलं.

पट्टीकाकांनी ताईला सांगितलेलं सगळं तिने त्यांच्या कानावर घातलेलं होतं. 

"ती तुझी रेघ कुठून जाते रे?" भाऊजींनी डोळे उघडून विचारलं.

"तुम्ही बसलाय तिथून. या भिंतीपासून त्या ओढ्यापर्यंत, सगळी रेघच आहे, भाऊजी."

भाऊजींनी भिंतीकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं, पायांखालच्या मातीकडे पाहिलं.

"बरीच रुंद काढलीस," ते म्हणाले.

ऊन भिंतीवर चढलं तशी ताई वरची चादर बदलून आली. चौघांनी खुर्चीचा आपापला पाय धरला आणि भाऊजींना पुन्हा वर नेलं.