लिफ्टमधली सहल

दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस संभाजीनगरला जायचं, हे मी महिनाभर ठरवत होते. शाळेत शिकवून घरी यायचं, दोन्ही लेकरांना जेवू घालायचं आणि मग मोबाईलवर लेण्या, बाग, हॉटेल बघत बसायचं. नवरा म्हणायचा, "लई ठरवू नकोस. लेकरं लहान हायत."

युसूफ वडगावहून आम्ही सकाळीच निघालो. मांजरसुंब्याजवळ धाकटा माझ्या अंगावर ओकला. तिथं उतरून एका ढाब्यामागच्या नळावर मी पदर धुतला आणि ओल्या साडीतच पुढच्या गाडीत बसले.

हॉटेलात पोचलो तेव्हा बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. पोरीनं लिफ्ट कधी पाहिली नव्हती. दार मिटलं, लिफ्ट हलली, तशी ती ओरडली, "आई, खोली वर चालली!" मग दोघं बाहेर यायलाच तयार होईनात. ओढून काढलं तर धाकट्यानं फरशीवर लोळण घेतली.

"तुला लेण्या बघायच्या होत्या ना?" नवऱ्यानं विचारलं.

"तुमी यांना वर-खाली फिरवा. मला झोपू द्या."

तो बिचारा संध्याकाळपर्यंत फिरवत राहिला. धाकट्याच्या जन्मानंतर मी पहिल्यांदाच इतकी गाढ झोपले. कुणी हाक मारली नाही. जाग आली तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

दुसऱ्या दिवशीही लेकरांनी लिफ्टच धरली. लेण्या राहिल्याच. दुपारच्या गाडीनं परत निघालो तेव्हा वाईट वाटत होतं, पण हट्ट धरायचं बळ माझ्यात नव्हतं.