मारुती मिस्त्रीचे दोन थर

मानपाड्याच्या पलीकडे, कारखान्यांची हद्द संपते तिथे एक जुनं आगरी गाव आहे. भातखाचरं गेली, टॉवर आले. गाव मात्र मधोमध बसून राहिलं, पंगत उठली तरी पाटावरून न उठणाऱ्या म्हाताऱ्यासारखं. त्या गावात जाऊन मारुती बाळाराम मढवी कोण, असं विचारलंत तर लोक एकमेकांची तोंडं बघतील. मारुती मिस्त्री म्हणा. मग कुणीही घरापर्यंत आणून सोडेल आणि परत फिरता फिरता सांगेल, "मारुतीच्या बिल्डिंगीत पानी शिरत नाय."

हे एक वाक्य मारुतीनं वीस वर्षं विटा रचून कमावलं होतं. जमिनी विकून ज्यांनी गाड्या घेतल्या, त्यांच्या गाड्या जुन्या झाल्या. हे वाक्य जुनं झालं नाही.

त्याचं मूळ दोन हजार पाच सालच्या पुरात होतं. मारुतीची धाकटी बहीण नीला उल्हास नदीकाठच्या मोहन्याला दिलेली. पाणी ओसरल्यावर मारुती चिखल तुडवत तिच्या घरी पोचला, तेव्हा ती पोटमाळ्यावर बसली होती. मांडीवर तांदळाचा डबा, डब्यावर दोन्ही हात. खाली भिंतीवर छातीइतक्या उंचीला गढूळ रेघ उमटलेली. "दादा, आधी पानी नाय ना ते बघ," एवढंच ती म्हणत राहिली, जमीन कोरडी झाल्यावरसुद्धा.

त्या दिवसापासून मारुतीनं प्रत्येक इमारतीचं जोतं नकाशात असेल त्याहून दोन थर वर घेतलं. चार-चार इंचांचे विटांचे दोन थर. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. ठेकेदारांच्या ध्यानात यायचं, पण जोतं उंच म्हटलं की घर घेणारे खूश, म्हणून तेही गप्प. जोतं पुरं झालं की आर्किटेक्टनं येऊन माप घ्यायचं आणि मग दाखल्यावर सही करायची, असा नियम आहे. मारुतीच्या वाट्याला आलेले दाखले ऑफिसातूनच सही होऊन यायचे. पुढे एखादी पायरी वाढायची, इतकाच फरक. त्यानं कुणाचं काही बिघडत असेल, हे मारुतीच्या डोक्यातही नव्हतं.

यंदाच्या मार्चात हेमांगी कर्णिक त्याच्या ओटीवर येऊन बसली. ही ठाण्याची, स्वतः आर्किटेक्ट, पण इमारती बांधत नाही, बांधलेल्या तपासते. चाकाच्या खुर्चीतलं माणूस आत जाऊ शकतं का, ज्याला दिसत नाही त्याला लिफ्टचं बटण सापडतं का, हे बघत हिंडते.

"मिस्त्री, तुम्हाला शिकवायला बोलवायला आलेय," ती म्हणाली. "कल्याणला साठ आर्किटेक्ट जमणार आहेत. अपंगांसाठीचे इमारतींचे नियम बदललेत, अजून बदलतायत. जिथे पूर्वी 'जमलं तर करा' होतं, तिथे आता 'केलंच पाहिजे' यायला लागलंय. सकाळी मी कागद शिकवणार. दुपारी तुम्ही अंगणात रॅम्पचा उतार काढून दाखवायचा."

मारुतीची छाती वीतभर रुंद झाली. आतून कमळाबाई, त्याची बायको, चहा घेऊन आली.

"आता ह्यो मास्तर होनार? सातवी नापास मास्तर!"

"सातवी पास हाय मी."

"हां. गुरुजींनी मागून ढकललेला."

हेमांगी हसली. मग तिनं पिशवीतून वही काढली आणि तिचा आवाज जरा खाली आला. "मिस्त्री, मी अकरा इमारती मोजल्या. आर्किटेक्ट सात वेगवेगळे. रॅम्प सगळे उभे, आणि सगळे सारखेच उभे. प्रत्येक जोतं नकाशाहून आठ इंच वर आहे. अकराही ठिकाणी मिस्त्री मात्र एकच."

हिशेब मारुतीला सांगावा लागला नाही. खुर्ची हातानं ढकलत न्यायची तर इंचभर चढायला फूटभर लांबी लागते. अठरा इंचांच्या जोत्याला अठरा फुटांचा रॅम्प. जोतं सव्वीस इंचांवर नेलं तर रॅम्प सव्वीस फुटांचा पाहिजे. मारुतीनं जोतं चढवलं होतं, पण रॅम्प नकाशातल्या अठरा फुटांतच बसवला होता. आठ फूट कमी. अकरा वेळा.

"ते साठ जण ऐकतील असं तुम्ही सांगू शकता," हेमांगी म्हणाली. "मी सांगितलं तर नुसतं लिहून घेतील."

"मी नकाशाच्या बाहेर जात नाय, मॅडम," मारुती म्हणाला.

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात. हेमांगीनं कानांकडे बघितलं आणि वही मिटली. "ठीक आहे. तरी या."

कार्यक्रमाला नऊ दिवस होते. त्या नऊ दिवसांत मारुती कुठे टेकला असेल तर शपथ. जेवताना भाकरीचा तुकडा हातात घेऊन दारापर्यंत जाई, परत येई. रस्त्यात दुकानाची पायरी दिसली, दवाखान्याचा उंबरठा दिसला की नजर आपसूक मोजायला लागे.

"पायाला भिंगरी लागली काय?" कमळाबाई ओरडली. "बस की जरा! इतकं काय पोटात दुखतंय?"

काय दुखतंय ते मारुतीला पक्कं ठाऊक होतं. साठ लोकांपुढे खरं बोललं तर ते वाक्य जाणार होतं. मारुती पाणी अडवतो असं म्हणणारं जग उद्यापासून मारुती नकाशा मोडतो असं म्हणणार होतं. नकाशा मोडणाऱ्या मिस्त्रीला काम कोण देतो? आणि गप्प राहावं, तर हातात टेप घेऊन शिकवायचं तरी काय?

पाचव्या दिवशी तो न सांगता ठाण्याला गेला. वर्तकनगरात त्यानं दोन हजार नऊमध्ये बांधलेली एक इमारत आहे, सौमित्र गुप्ते या आर्किटेक्टची. गेटातून आत शिरला तर रॅम्पवर चाकाची खुर्ची, आणि खुर्चीत साठी उलटलेल्या एक बाई. पाठ दाराकडे, तोंड रस्त्याकडे. वॉचमन वर उभा राहून खुर्ची मागे ओढतोय, खालून एक भाजीवाला ढकलतोय. खुर्ची अर्ध्यावर येऊन लटपटली. मारुती धावला आणि त्यानं खांदा लावला.

वर पोचल्यावर बाईंनी पदर सारखा केला. "थँक यू हं. मी प्रमोदिनी. गणित शिकवायची शाळेत. आता रोज उलटी चढते, खेकड्यासारखी. चेष्टा नाही, वॉचमन जेवायला गेला की मी घरातच."

"रॅम्प उभा हाय," मारुती कसाबसा म्हणाला.

"उभा? भिंत आहे ती, जरा कललेली. पण एक सांगू? समोरच्या सोसायटीत दरवर्षी पाणी शिरतं, आमच्याकडे कधीही नाही. बांधणारा होता कोणीतरी डोकं असलेला."

कुणी तोंडावर शिवी दिली असती तर मारुतीनं ती झेलली असती. हे कौतुक त्याला झेलता येईना. मान हलवून तो निघाला. खिशातली टेप त्यानं बाहेर काढलीच नाही. घरी जायच्या ऐवजी कल्याणला गेला, तिथली आपली दोन जोती बाहेरूनच बघितली, मग परत डोंबिवलीला येऊन आणखी एक. बरोबर कुणी नव्हतं, तरी कुणीतरी मागून हाकलत असल्यासारखा चालत होता.

कार्यक्रमाच्या दिवशी कल्याणच्या हॉलमध्ये तो शेवटच्या रांगेत बसला. मांडीवर पाण्याच्या नळीचं वेटोळं. दोन टोकांच्या पाण्याची पातळी बघून मिस्त्री सपाटी काढतात, ती पारदर्शक नळी. पुढे हेमांगी बोलत होती. कठडे दोन्ही बाजूंना हवेत आणि दोन उंचींचे हवेत. वळणावर खुर्ची फिरेल एवढी सपाट जागा हवी. मग तिनं अकरा रॅम्पांचे फोटो दाखवले, इमारतींची नावं झाकून.

सौमित्र गुप्ते तिसऱ्या रांगेतून उठले. अंगावर इस्त्रीचा कुर्ता, आवाजात लाडिक चिडचिड. "हेमांगी, आमच्या ड्रॉइंगमध्ये उतार बरोबरच असतो गं. साइटवर मिस्त्री वाट लावतो. आम्ही काय तिथे पाळणा बांधून झोपायचं? मग ट्रेनिंग मिस्त्र्यांना द्या की, आम्हाला कशाला कोंडून ठेवलंय? जेवणं गार होतायत."

हॉल हसला. सुटल्याचं हसणं होतं ते. लोक खुर्च्या मागे सरकवू लागले.

मारुतीला कळलं, आता गप्प राहिलं की झालं. जेवण होईल, दुपारी अंगणात टाळ्या पडतील, खांद्यावर शाल येईल. त्याचं नाव होतं तिथेच राहील. आणि ते रॅम्पही होते तसेच राहतील.

तो उठला. नळीचं वेटोळं मांडीवरून खाली घरंगळलं.

"ते अकरा माझे हायत," तो म्हणाला. "मॅडमशी मी खोटं बोललो. दोन थर मीच चढवलेत. पानी शिरू नये म्हनून. रॅम्प वाढवायला पायजे होता, तो वाढवला नाय."

"बघा!" सौमित्र म्हणाले. "झालं ना आता?"

"नाय झालं, साहेब. थर माझे, पन जोत्याच्या दाखल्यावर सही माझी नाय. मना सही करायला कोन देतो?" दोन-तीन जण हसले आणि मध्येच थांबले. "अकरा जोती, अकरा सह्या. टेप घेऊन आलेला एक मानूस मी बघितला नाय. कुनी आला असता तर त्यानं मना शिव्या दिल्या असत्या, मी पन दोन दिल्या असत्या, आनि भांडता भांडता रॅम्प आठ फूट वाढला असता."

"कोणाच्या सह्या? नावं सांगा," मागून कुणीतरी म्हणालं.

"एक नाव घेतलं मी. माझं. दुसऱ्याचं घेनार नाय."

शिवानी नावाची एक तरुण आर्किटेक्ट उभी राहिली. "काका, मग आम्ही जोतं खाली आणायचं का?"

"अजिबात नाय!" मारुतीचा आवाज पहिल्यांदा चढला. "पानी येनार हाय. मी मोहन्याला बघितलंय. जोतं उंचच पायजे. पन माझं पानी तुमच्या कागदावर धरा, पोरी. उंची आधी ठरवा, मग लांबी काढा, आनि विटा रचल्यावर येऊन परत मोजा. बास. दुसरं काय शिकवायला येत नाय मना."

दुपारी अंगणात साठपैकी चाळीसच उरले. त्या चाळिसांनी मात्र नळीची टोकं धरली, कपडे ओले केले, पाण्याचे बुडबुडे काढायला शिकले. सौमित्र त्यांत नव्हते.

संध्याकाळपर्यंत बातमी ठेकेदारांपर्यंत पोचली. एकानं फोनवर सांगितलं, "मिस्त्री, खडकपाड्याचं काम सध्या राहू द्या." दुसऱ्यानं तेवढाही फोन केला नाही. कमळाबाईनं ऐकलं, आणि इतकंच म्हणाली, "मास्तरकी भोवली." मग तिनं ताट वाढलं, आणि मारुती कितीतरी दिवसांनी बसून जेवला. जेवून लगेच उठला ते वेगळं.

शनिवारी अनोळखी नंबरावरून फोन आला. "गुप्ते बोलतोय. उद्या वर्तकनगरला या. तिथे माझी सही आहे." पुढे काही बोलायच्या आत फोन बंद.

रविवारी सकाळी गेटाशी दोघं भेटले. नमस्कार नाही, काही नाही. सौमित्रनी टेपचं एक टोक धरलं, मारुतीनं दुसरं. जोतं सव्वीस इंच निघालं. सरळ पुढे वाढवावं तर आठ फुटांच्या आत गेट येत होतं, तेव्हा जुना रॅम्प फोडून सगळेच सव्वीस फूट जोत्यापासून वळवत नेणं भाग होतं.

"डावीकडे, पंपाच्या बाजूनं," सौमित्र कागदावर रेघा ओढत म्हणाले.

"तिथं उन्हाळ्यात पन चिखल असतो. उजवीकडं घ्या."

"उजवीकडे स्कूटर आहेत सोसायटीच्या. कोण हलवणार?"

"मी हलवतो. हात हायत मना."

"अहो, आज हलवाल, रोज कोण हलवणार?"

आवाज चढला तशा खिडक्या उघडल्या. दारात प्रमोदिनी बाई खुर्चीतून आल्या. मारुतीनं टेप खाली ठेवली, पायऱ्या चढून वर गेला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला.

"बाई, हा रॅम्प मी बांधलाय."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "त्या दिवशी मला ढकलत होतात ते तुम्हीच ना? तेव्हा का नाही बोललात?"

मारुतीनं नजर खाली घातली नाही.

"आणि हे?" बाईंनी सौमित्रकडे बोट दाखवलं.

"मी आर्किटेक्ट," सौमित्र खालून म्हणाले. "न बघता सही केली."

"वा. दोघंही नापास, आणि मघापासून भांडताय मी कुठून वळायचं त्यावर." बाईंनी मारुतीच्या पिशवीतून डोकावणारा फक्कीचा डबा मागितला, मैदान आखायला वापरतात त्या पांढऱ्या पुडीचा. डबा मांडीवर घेतला. "मला खाली न्या. सरळ नाही, उलटीच. खाली गेल्यावर मी सांगेन तिकडे खुर्ची फिरवा."

खाली आल्यावर बाईंनी खुर्ची आधी जोत्याच्या कडेशी न्यायला लावली आणि तिथून एक हात बाहेर सोडला. मूठ जराशी सैल केली की फक्की गळायची, आणि खुर्ची फिरेल तशी मागे पांढरी रेघ उमटायची. रेघ पंपाकडे गेली नाही, आणि मारुतीनं दाखवलेल्या कोपऱ्यातूनही गेली नाही. सौमित्रनी कागदावर काढलं होतं त्याहून कितीतरी मोठा फेर घेऊन ती स्कूटरच्या रांगेत घुसली.

"इतकं वळण?" सौमित्र म्हणाले.

"तुम्ही बसून बघा," बाई म्हणाल्या. सौमित्रनी आपला कागद दुमडला आणि नवा काढला.

मारुती एकेक स्कूटर उचलून बाजूला लावत होता. वरून सेक्रेटरी ओरडत होता, माझ्या गाडीला हात लावायचा नाही म्हणून. मारुतीनं त्याचीही उचलली.

"किती फूट झाले?" बाईंनी विचारलं.

सौमित्रनी टेप लावली. "वीस."

"अजून सहा," मारुती म्हणाला, आणि पुढच्या स्कूटरकडे वळला.