टेलरचा वाटा

साल २०२३. मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा तिसरीपर्यंत, पण अहमदपुरात मला मान खाली घालायला लावणारा अजून कोणी भेटला नाही. भ्यालो तो एका शेजाऱ्यापायी.

तो टेलर. त्याची बायको शाळेत बाई. पगार त्याच्या कमाईच्या कितीतरी पुढं. घरखर्चाचं विचारलं की सुई दातात धरून तो म्हणायचा, "मामा, झेपंल तेवढं, पर न चुकता."

म्हणजे घरभाडं आन पोरीची फीस बाईंची. किराणा, दूध त्याचं. ज्याची जशी कमाई तसा वाटा. आपण पाडव्याला सालगडी ठरवतो ना, तसं दोघं पाडव्याला बसून वाटे ठरवायचे. ठरलं की सालभर हलायचं नाही.

"बायकोनं जास्त भरायचं? मग मिशा कशाला ठेवल्यास?" मी टोचायचो.

"मिशीला काय खर्च हाय मामा!"

गेल्या पाडव्यानंतर रेडिमेडनं त्याचं गिऱ्हाईक खाल्लं. मशीन झाकलेली दिसू लागली. किराणा मात्र घरी वेळेवर जायचा. माणूस तेवढा वाळत चालला. स्वतः शिवलेला सदरा अंगावर लोंबू लागला. जेवलास का विचारलं की, "घरून खाऊन आलो." आन बाई सांगायच्या, "दुकानातच जेवतात म्हणे, घरी ताटावर बसतच न्हाईत." दोन्ही बोलणी जुळवली आन उमगलं. स्वतःचं ताट तोडून तो मायलेकींचा किराणा भरत होता.

संक्रांतीनंतर एका दुपारी तो मशीनवरच कोसळला. तोंडावर पाणी मारलं, हाका मारल्या. ओ नाही. मेला, असंच वाटलं. मग ओठ हलले.

"तिला सांगू नका. पाडव्याला वाटा कमी करून घेतो."

"पाडव्यापस्तोर राहशील का लेका?"

"मामा, आता बोललो तर ती सगळंच भरंल. मग घरात माझं काय ऱ्हाईल?"

दवाखान्यात चल म्हटलं तर ऐकेना. चहात पाव बुडवून चारला. त्यानं शपथ घातली, मी घेतली. तुम्हीही घेतली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. बाई आल्या. म्हटलं, "बाई, तुमचा माणूस उपाशी मरायला लागलाय. वाटा आजच बदला. पर सगळा घेऊ नका. थोडा त्याच्याकडं ऱ्हाऊ द्या."