शेंगकाठाचं पहिलं लुगडं

भिवंडीच्या कोर्टासमोर एका गाळ्यावर केसरीनाथ वकिलाची पाटी आहे. वसुली, चेक बाऊन्स, जप्ती आणि अगदी तळाशी डिझाइन व ट्रेडमार्क. वरच्या तीन ओळींवर त्याचं घर चालायचं. जीव मात्र तळाच्या ओळीत अडकलेला, आणि ती विचारत कुत्रंही यायचं नाही. सुताच्या व्यापाऱ्यांसाठी तो धाडायचा ती नोटीस इतकी चोख असे, की निम्मे वकील तिचा मसुदा शब्दन् शब्द उतरवून घेत. केसरीनाथला त्याचा राग नव्हता. उलट तो चारचौघांत ते कौतुकाने सांगायचा.

अंबाडी गावाकडचा हिरामण त्याला भेटला तो अशाच एका नोटिशीपायी. चार लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा धनी, सुताचं बिल थकलेलं. बापड्याने आठ महिने राबून सगळं फेडलं आणि शेवटची पावती घेताना पाटीकडे बोट केलं.

"वकीलसाहेब, त्या खालच्या वळीत काय हाय?"

केसरीनाथने मोठ्या हौसेने समजावलं. नवा काठ, नवी नक्षी आपल्या नावावर नोंदवता येते, मग दुसऱ्या कुणाला ती विणता येत नाही. हिरामण ऐकून गेला आणि चार दिवसांनी बायकोला घेऊन आला. तुळजाच्या हातात वहीचा कागद होता. वालाच्या शेंगा, एकीच्या कुशीत दुसरी, प्रत्येकीचं टोक आतल्या अंगाला वळलेलं. "आमच्या वावरातल्या हायत," ती लाजत म्हणाली. केसरीनाथ त्या कागदाकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत तळाच्या ओळीचं खरं गिऱ्हाईक त्याच्या दारात पहिल्यांदा आलं होतं.

"सोमवारी अर्ज टाकतो," तो म्हणाला. सोमवारी व्यापाऱ्यांच्या चेकच्या तारखा लागल्या, मंगळवारीही लागल्या. पोटाचे धंदे, दुसरं काय! तोवर हिरामणच्या लूमवरून पहिलं लुगडं उतरलं. नव्या नक्षीचं पहिलं लुगडं देवीला, असा त्या घरचा शिरस्ता. दोघांनी वकिलालाही आग्रहाने वज्रेश्वरीला नेलं. देवळाच्या पायऱ्यांवर तुळजाने लुगड्याचा काठ उलगडून धरला. ऊन छान पडलं होतं. हिरामण म्हणाला, "साहेब, काढा की फोटो." साहेबांनी काढला. काढून थांबले असते तर काही बिघडलं नसतं. तो त्यांनी फेसबुकवर टाकला, वर लिहिलं, 'आपल्या भिवंडीचं नवं डिझाइन'. अर्ज गेला त्यानंतर नऊ दिवसांनी.

नोंदणीचा कागद आला तेव्हा तुळजाने त्याला हळदकुंकू लावलं. लुगडं गावोगाव खपू लागलं. वर्ष सरायच्या आत तिला अंबाडीच्या बाजारात तोच काठ दुसऱ्याच्या दुकानात दिसला, दीडशे रुपयांनी स्वस्त. अठ्ठेचाळीस लूमच्या एका शेठने उचलला होता. घाईत उचलला असावा, कारण शेंगेचं टोक बाहेर वळलेलं होतं. हिरामणचा माल घरात पडून राहिला, सुताची उधारी परत चढली. आता काठ टिकला तर चार लूम टिकणार होते, हे तिघांनाही कळत होतं.

केसरीनाथने शेठला नोटीस धाडली, आयुष्यातली सर्वांत झणझणीत. उत्तरादाखल शेठच्या वकिलाने नोंदणीच रद्द करायचा अर्ज केला. सोबत एकच पुरावा. पायऱ्यांवर तुळजा, हातात काठ, वर तारीख, आणि टाकणाऱ्याचं नाव ॲडव्होकेट केसरीनाथ.

अर्जाआधी नक्षी कुठेही उघड करायची नसते, नाहीतर नोंदणी टिकत नाही. हे त्याला बाराखडीसारखं पाठ होतं. पाटीवरची ती ओळ रंगवली त्या दिवसापासून पाठ होतं. त्याने तो कागद घरी नेला नाही आणि बायकोलाही काही सांगितलं नाही. जेवण मात्र कितीतरी दिवस गोड लागलं नाही. अकरा महिने तो लढला, म्हणजे तारखा घेत राहिला. शेवटी नोंदणी रद्द झाली.

दोघांना गाळ्यात बसवून त्याने सांगितलं. तुळजाचा चेहरा उतरला.

"आधी देवीला दाखवलं, त्येच चुकलं का?"

हो म्हणून सुटता आलं असतं. ते त्याच्या जिभेवर आलंही होतं.

"देवीचं काही चुकलं नाही, वहिनी. फोटो मी टाकला. अर्ज मी लांबवला."

"फोटो काढा, मीच बोललो ना," हिरामण म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

महिन्याभरात सुताच्या व्यापाऱ्याची नोटीस हिरामणच्या घरी पोचली. ती घेऊन तो केसरीनाथकडे आला, कारण दुसरा वकील त्याला माहीतच नव्हता. नोटीस कुणा नवख्या वकिलाची होती. केसरीनाथने पहिली ओळ वाचली आणि पुढचं सगळं न बघता त्याला म्हणता आलं असतं. मसुदा त्याचाच होता, आणि त्यात त्याने पळवाट कुठेच ठेवलेली नव्हती. चारही लूम जप्तीत गेले.

दिवाळीनंतर हिरामण रस्त्यात भेटला. अंगावर सुताचे तंतू, डोळे लाल.

"कुठं असतोस?"

"शेठकडंच. रातपाळीची ड्युटी. बारा लूम बघतो."

"काय विणतात?"

"आपलाच काठ." मग तो थोडा ओशाळला. "साहेब, त्यांची शेंग उलटी वळत व्हती. रोज डोळ्यांपुढं तीच. मला काय ऱ्हावलं न्हाय. सुट्टीच्या दिवशी बसलो आन् नीट करून दिली."

"त्यांनी काय दिलं?"

"काय न्हाय. चहा पाजला." तो हसला. "पण आता बराबर पडते हो. तुळजानंबी बघितली. बराबर हाय बोलली."