डेनिसला मी ओळखत नाही

निघायच्या दिवशी गाडी अंगणात येऊन उभी राहिली तेव्हा पप्पा घरात नव्हते. मम्मीने माझ्या कपाळावर पवित्र पाण्याने क्रूसाची खूण केली, शेजारच्या बायका डोळे पुसायला लागल्या, आणि पप्पा कुठे आहेत हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही. मी वाडीत गेलो. ते केळीला पाणी सोडत होते. मला बघून त्यांनी हात लेंग्याला पुसले, पण पुढे आले नाहीत. म्हणाले, "तिकडे कोणाच्या अध्यातमध्यात पडू नकोस. आपण बरं, आपलं काम बरं." मग परत पाटाकडे वळले. वसईहून एअरपोर्टपर्यंत मी ते वाक्य चघळत गेलो.

रॉनी आखातात पैशांसाठी गेला, असं गावात सगळे धरून चालतात. मीही तेच सांगायचो. खरं कारण असं की मला बायकांबद्दल कधी काही वाटलं नाही, आणि एकोणतिशीत आल्यावर घरात स्थळांची बोलणी सुरू झाली होती. त्याआधी एकदा टीव्हीवर कोर्टाच्या निकालाची बातमी लागली होती, की आमच्यासारखी माणसं यापुढे गुन्हेगार नाहीत. पडद्यावर पोरं रंगीत झेंडे घेऊन रडत होती. पप्पा म्हणाले, "बंद कर ते, जेवायची वेळ आहे." मी उठून बंद केला. देशाने मला मोकळं केलं त्या दिवशी आमच्याकडे बोंबलाचं कालवण होतं आणि मी दोनदा भात घेतला.

मग मी अशा देशात गेलो जिथे हा गुन्हाच आहे. तुम्हाला हे विचित्र वाटेल. पण तिथे मला कोणी ओळखत नव्हतं आणि कोणी लग्न कर म्हणणार नव्हतं, मला तेवढंच हवं होतं.

नोकरी पप्पांच्या चुलतभावाने, विल्सनकाकांनी लावून दिली. ते पंचवीस वर्षं दुबईत, अल मनखूलला. हॉटेल मात्र दुबईपासून तासाभरावर रास अल खैमाला, समुद्रावर. मी रिझर्वेशनला. स्टाफची राहायची बिल्डिंग हॉटेलपासून अर्धा तास आत, सिमेंटच्या कारखान्यांच्या बाजूला. सकाळी बाल्कनीत वाळत घातलेल्या शर्टावर बोट फिरवलं की बोट पांढरं व्हायचं.

स्टाफ बसमध्ये एक सीट नेहमी अर्धी रिकामी असायची. खिडकीशी युगांडाचा डेनिस बसायचा, बीचवरचा लाइफगार्ड, आणि त्याच्या शेजारी कोणी बसायचं नाही. आमच्या इंडियन पोरांनी त्याचं नाव कालिया ठेवलं होतं. मीही हसायचो. लहानपणी मला मम्मी म्हणायची, उन्हात हिंडू नकोस, अजून काळा होशील. तरी हसायचो. एके दिवशी मला उशीर झाला, दुसरी जागा नव्हती, म्हणून मी त्याच्या शेजारी बसलो. त्याने नाव विचारलं. मी सांगितलं की आमच्या आळीत तीन डेनिस आहेत, एकाचं तर चिकनचं दुकान आहे. तो बराच वेळ हसला. मग त्याने शांतपणे विचारलं, कालिया म्हणजे काय? मी म्हटलं, ताकदवान माणूस. त्याने मान डोलावली. पुढे कितीतरी दिवसांनी त्याने सांगितलं की अर्थ त्याने आधीच एका नेपाळी वेटरकडून काढून घेतला होता. मी काय सांगतो ते त्याला बघायचं होतं.

तरीही तो माझ्याशी बोलत राहिला.

वसईचा माणूस आणि पोहता येत नाही, हे त्याला पटेचना. सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही पब्लिक बीचवर जायला लागलो. त्याचा तळहात माझ्या पाठीखाली असायचा आणि तो म्हणायचा, मान सोड, मान सोड, तू डोकं स्वतःच धरून ठेवतोस. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मी मान सोडली. त्याने हात कधी काढून घेतला ते मला कळलंच नाही. त्यानंतर आम्ही प्रेमात पडलो. हे वाक्य मी मराठीत पहिल्यांदाच लिहितोय.

प्रेम करायला जागा नव्हती. खोलीत चार-चार माणसं, कॉरिडॉरमध्ये कॅमेरे. म्हणून आमचं प्रेम म्हणजे मुख्यतः बोलणंच होतं. तो एंटेबेचा, मोठ्या सरोवराच्या काठचा. वडील शाळेत शिक्षक, चर्चमध्ये गाणाऱ्या कॉयरचे प्रमुख. एकदा आम्ही बसने फुजैराला गेलो आणि तेल भरायला थांबलेली जहाजं बघत कॉर्निशवर, समुद्राकाठच्या कठड्यावर बसलो. त्या दिवशी तो जेवढा बोलला तेवढा पुन्हा कधी बोलला नाही. त्याच्या देशात नवीन कायदा आला होता. आमच्यासारख्यांना जन्मठेप, काही बाबतीत फाशी. घर भाड्याने दिलं तर मालकालाही शिक्षा. तो म्हणाला की निवडणूक जवळ आली की मंत्र्यांना आमची आठवण येते. दवाखान्यात औषध नसतं, रस्त्याला डांबर नसतं, पण आम्ही नेहमी हाताशी असतो. वर म्हणतात की ही गोऱ्यांनी आणलेली घाण. तो म्हणाला, गोऱ्यांनी आणलं काय, तर तो कायदा. तुमच्याकडेही तोच आणला होता. तुम्ही परत केला, आम्ही त्याला रंग लावून भिंतीवर टांगला.

सिनेमाबद्दल त्याची मतं ठाम होती. इंग्रजी पिक्चरमध्ये काळा माणूस आला की तो घड्याळ बघायचा, किती मिनिटांत मरतो. हिंदी पिक्चरमध्ये काळा माणूस ड्रग्ज विकतो, नाहीतर हिरोइनच्या मागे नाचतो. आणि गे माणूस असला तर तो गोरा, त्याचं स्वयंपाकघर मोठं आणि आई समजूतदार. तो म्हणाला, "दोन्ही असलेला माणूस मी अजून पडद्यावर शेवटपर्यंत जिवंत बघितला नाही." मग त्याने विचारलं, तुमच्याकडे कसं दाखवतात? मी त्याला आमच्या गावच्या नाटकांबद्दल सांगितलं. साडी नेसलेला, लचकत चालणारा पुरुष स्टेजवर आला की पप्पा सगळ्यात मोठ्याने हसायचे, आणि मी त्यांच्या मांडीवर बसून हसायचो. डेनिसने माझ्याकडे बघितलं.

त्याच वर्षी स्टाफ पार्टीत तो नाचला. सगळं हॉटेल उभं राहून टाळ्या वाजवत होतं, जनरल मॅनेजरने पाठ थोपटली, कालिया म्हणणारी पोरं त्याच्याबरोबर सेल्फी काढत होती. दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्याच्या शेजारची जागा परत रिकामी होती. मीही मागे जाऊन बसलो. आमच्याबद्दल कोणाला शंका येऊ नये, असं कारण मी स्वतःला दिलं.

सव्वा वर्ष असं गेलं. मग त्याच्या खोलीतल्या कोणीतरी त्याचा फोन उघडा बघितला. मेसेज होते, समोरच्याचं नाव म्हणून फक्त 'आर' होतं. त्या माणसाने स्क्रीनचा फोटो काढून एचआरला दिला.

एचआर मॅनेजर सभ्य माणूस होता. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, मॅनेजमेंटला पोलीस वगैरे नकोत, कोणाचंच भलं नाही त्यात. डेनिसबरोबर तू दिसायचास, म्हणून तुझं स्टेटमेंट लागेल. दोन ओळी लिही, खलास. मग तो माझ्या आयडी कार्डाकडे बघत म्हणाला, "आर अक्षराची आमच्याकडे बरीच माणसं आहेत. मला ती सगळी बोलवायची नाहीत, रॉनी." धमकी होती की दया, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मला पप्पांचं वाक्य आठवलं. आपण बरं, आपलं काम बरं. मी पेन उचललं.

दोन ओळींत भागलं असतं. मी अर्धं पान लिहिलं. की मी डेनिसला नीटसं ओळखत नाही. की तो बसमध्ये मुद्दाम माझ्याजवळ यायचा, नको त्या विषयांवर बोलायचा, मला अस्वस्थ वाटायचं, म्हणून मी त्याला टाळायला लागलो. की त्यांच्याकडची माणसं अशी असतात असं ऐकलं होतं. शेवटचं वाक्य मला कोणीही लिहायला सांगितलं नव्हतं. ते माझ्या हातातून आपोआप आलं, जणू कधीपासून आत तयारच होतं. मी सही केली. मॅनेजर म्हणाला, थँक यू, काळजी करू नकोस, आम्ही त्याला घरी पाठवतोय.

घरी, हाच शब्द त्याने वापरला.

तीन दिवसांनी सकाळी हॉटेलच्या दारात त्याला व्हॅनमध्ये बसवलं. मी रिसेप्शनवर होतो, सुट्टीवर गेलेल्या कोणाच्या तरी जागी. काचेतून सगळं दिसत होतं. एक बॅग, सोबत सिक्युरिटीची दोन माणसं. तो माझ्यापासून वीस पावलांवर होता आणि त्याने एकदाही आत बघितलं नाही. काउंटरवर गेस्ट आले, मी गुड मॉर्निंग म्हटलं आणि त्यांना समुद्राकडची खोली दिली. त्याने बघितलं नाही याचा अर्थ मी असा लावला की त्याला स्टेटमेंट दाखवलं असणार. त्याला माझा राग आला, या विचाराने मला थोडं हलकंही वाटलं. कोणीतरी मला शिक्षा केली होती.

मी त्याला मेसेज केला नाही. भीती होती, आणि लिहिणार तरी काय.

सहा महिन्यांनी मी विल्सनकाकांच्या ओळखीने दुबईच्या बर दुबई भागातल्या एका लहान हॉटेलात आलो. शनिवारी त्यांच्याकडे जेवायला जायचो. एकदा काका त्यांच्या वेअरहाऊसमधल्या आफ्रिकन लोडरांची नक्कल करत होते. त्यांची मुलगी रिया, इथेच जन्मलेली, कॉलेजात शिकणारी, ताट सरकवून म्हणाली, "डॅड, दॅट्स नॉट फनी. दे आर पीपल." काकी म्हणाल्या, हिला इथलं वारं लागलंय. सगळे हसले. मी हसायला तोंड उघडलं आणि मला उलटी आली. खरोखरची. काकींना वाटलं कोळंबी बाधली.

त्यानंतरच्या सुट्टीत मी वसईला गेलो तेव्हा मम्मीने परत स्थळ काढलं. ती पडवीत अबोलीचा वळेसर गुंफत बसली होती. मी तिच्या शेजारी बसून सांगून टाकलं. डेनिसबद्दलही सांगितलं, फक्त स्टेटमेंट सोडून. तिचे हात थांबले नाहीत. गजरा पूर्ण झाला, दोरा तोडला, मग म्हणाली, "पप्पांना सांगू नकोस." गजरा ताटलीत ठेवून म्हणाली, "तू तिकडेच राहा, बाळा. तिकडे सुरक्षित आहेस."

मी तिला समजावलं नाही की जिथे मला कायदा धरत नाही तिथून ती मला जिथे कायदा धरतो तिथे पाठवतेय. तिला कायद्याचं भय नव्हतंच. तिला रविवारच्या मिस्साला समोरच्या बाकावर बसणाऱ्या बायकांचं भय होतं. तिने मला जवळ घेतलं, हेही सांगायला हवं. घट्ट धरलं आणि मला जायला सांगितलं.

मागच्या वर्षी केनियाच्या नंबरवरून मेसेज आला. फक्त, रॉनी? मी ड्युटी सोडून जिन्यात गेलो आणि फोन लावला. डेनिसच होता, नैरोबीत. एंटेबेला तो अकरा दिवस राहिला होता. कंपनीने परत पाठवल्याचं कारण कसं कोण जाणे घरापर्यंत पोचलं, वडिलांनी कॉयरमध्ये तोंड दाखवता येत नाही म्हणून त्याला रात्रीत निघायला सांगितलं. आता एका खोलीत सात जण, सगळे तसेच पळून आलेले. निर्वासितांच्या कुठल्यातरी ऑफिसात कागद दिलेत, तिसऱ्या देशाने घेतलं तर जायचं. त्याचा आवाज बारीक झाला होता. खोकत होता.

मी म्हटलं, डेनिस, मी तुझ्याविरुद्ध लिहून दिलं.

माझं स्टेटमेंट त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. त्याला ते आत्ता, माझ्या तोंडून कळत होतं.

मग तो म्हणाला, "मलाही कागद दिला होता. आर कोण, ते लिही, मग तुला पोलिसांकडे देत नाही, म्हणाले. मी लिहिलं, रॉनी नावाच्या माणसाला मी ओळखत नाही. नंतर लक्षात आलं, त्यांनी तुझं नाव घेतलंच नव्हतं, मीच लिहून बसलो. मग तो कागद फाडला आणि दुसरा मागितला. व्हॅनपर्यंत जाताना एकच भीती होती, की मी तुझ्याकडे बघेन."

मी जिन्यात बसलो. तो पलीकडून खोकत होता. त्याने मला माफ केलं का हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. औषध घेतोस का, एवढंच मी विचारलं. इन्शाल्ला, म्हणाला. इथे असताना तो शब्द त्याला आवडायचा. नाही म्हणायचा सगळ्यात सभ्य मार्ग, म्हणायचा.

पुढे दर रविवारी आम्ही बोलायचो. तो नेहमी थोडक्यात बोलायचा. गेले चार महिने तो नंबर लागत नाही. त्याच्या खोलीतल्या एकाला मी शोधून काढलं, तो म्हणाला की डेनिसला दवाखान्यात नेलं होतं, नंतर पोलिसांनी खोल्या रिकाम्या केल्या, सगळे पांगले. तो आहे की नाही, मला माहीत नाही.

वसईतल्या आणि इथल्या माझ्या माणसांनो, तुम्ही मला विचारता, रॉनी, घरची आठवण येते का? येते. वाडीची येते, मम्मीची येते, पप्पांचीही. पण त्या घरातला रॉनी मीच बनवलेला आहे, तुम्हाला चालेल असा. माझ्या आयुष्यात एकाच माणसाने मला पूर्ण बघितलं, माझ्या भ्याडपणासकट, कालियाचा खोटा अर्थ सांगितला त्या पहिल्या दिवसापासून, आणि तरी पाठीखाली हात धरला. घर त्यालाच म्हणत असावेत. मी त्या घराविरुद्ध अर्धं पान लिहून दिलं आणि खाली सही केली.