टाचलेली दोन पाने

तिसऱ्या तासाला शाळेत फोन आला, पापनाशमला तुळजाक्का वारली म्हणून. हातात खडू तसाच होता. तुळजाक्का माझी मावसबहीण. तंजावूरच्या एकाच शाळेत आम्ही दोघी जीवशास्त्र शिकवायचो. महिना होत आला, पण स्टाफरूममध्ये कॉफीचा वास आला की मान अजून तिच्या खुर्चीकडे वळते...

लग्नानंतर ती झांबियाला गेली आणि तिथल्या शाळेत शिकवू लागली. जाताना इथली रीतही घेऊन गेली. प्रजननाच्या धड्याची दोन पाने मुलींकडून टाचणीने टाचून घ्यायची आणि सांगायचे, ‘लग्नानंतर वाचा.’ दहावीतल्या ग्रेसने एकदा तिला वर्गाबाहेर गाठले. "मॅडम, आजाराची भीती आम्हालाही आहे. पण कंडोमचं नाव काढलं तर मुलगीच वाईट ठरते. दुकानदार हसतो, मुलगा चिडतो. आम्ही काय म्हणायचं?" अक्का लाजेने लाल झाली. "तुला आत्ता कशाला हे? ते पान उघडू नकोस," एवढेच म्हणाली. काही वर्षांनी ग्रेस एड्सने गेली. अक्का घरी भेटायला गेली, तेव्हा ग्रेसच्या आईने शाळेचे पुस्तक हातात ठेवले. टाचणी जागच्या जागी होती. पोर शहाणी, बाईंचे ऐकणारी.

अक्का परत आली तेव्हा तंजावुरात घरोघर केबल आली होती, शाळेत टाचणी मात्र तीच. तिने नववीच्या वर्गात ती काढायला लावली आणि पालक तक्रार घेऊन आले. त्या दिवशी ती मला म्हणाली, "सीतू, मुख्याध्यापिकेपुढं दोन शब्द बोल की. मज एकटीचं कोण ऐकणार?"

मी बोलले नाही. माझ्या मुलीचे लग्न जमत होते, आणि लोकांच्या तोंडाला कोण लागणार? नववी तिच्याकडून काढून मला दिली. मी पाने टाचली. अक्काने भांडण केले असते तर बरे झाले असते. ती रोजच्यासारखी वाटीएवढ्या पितळी डबऱ्यात कॉफी ओतून गार करून माझ्यापुढे ठेवत राहिली. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तेराव्यानंतर तिच्या भावाने ग्रेसचे पुस्तक माझ्याकडे दिले. टाचणी नव्हती, तिच्या गंजाचे डाग होते. गेल्या आठवड्यात ते टेबलावर ठेवून मी नववीला म्हटले, "टाचण्या काढा." मुलींनी माना खाली घालूनच टाचण्या काढल्या. मग शेवटच्या बाकावरची कल्याणी उठली.

"टीचर, माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा लॉरीवर असतो. तिला आजाराची भीती वाटते. तिनं त्याला सांगायचं कसं?"

"थांब हं," मी बोलून गेले, "तुळजाक्काला विचारून सांगते."