तीन महिन्यांचे जनरल

जनरलांना आवाज बारीक करता येत नसे. नृसिंहवाडीला दत्तासमोर हात जोडून "सगळ्यास्नी बरं ठेव" असं ते म्हणाले, तेव्हा पुजाऱ्याने दचकून रांगेतल्या सगळ्यांच्या आधी त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला. खरं तर ते जनरल नव्हते. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. जनरल ही बढती आमच्या पेठेने दिली, आणि पेठेने दिलेलं नाव कोल्हापुरात माणूस गेला तरी सुटत नाही.

नव्वदीच्या दशकात आमच्या तालमीत दोन तट पडले. गणपतीच्या मिरवणुकीत एकाला झांजपथक हवं होतं, दुसऱ्याला डॉल्बी. भांडण वाढत गेलं आणि दोन्ही गटांनी तालमीच्या दाराला आपापलं कुलूप ठोकलं. पैलवान रस्त्यावर जोर काढू लागले. तालमीच्याच फुटबॉल संघाचे बूट आत अडकले. तालमीसमोर राहणारे जनरल काही दिवस हे बघत राहिले. मग एका सकाळी घण घेऊन आले, दोन्ही कुलपं फोडली आणि स्वतःचं लावलं. "तीन म्हैनं मी बघतो. शिस्त लागली की निवडणूक घ्यायची," म्हणाले. मिरवणुकीत त्या वर्षी झांजपथकही नव्हतं आणि डॉल्बीही नव्हता. आम्ही सगळे पांढरे शर्ट घालून रांगेत चाललो.

ते तीन महिने काही संपले नाहीत. रोज पहाटे हजेरी, नखांची तपासणी. कुणाच्या खिशात गुटख्याची पुडी सापडली की त्याने कुस्तीच्या हौदातली लाल माती एकट्याने खणायची. उशीर झालेला माणूस तोंड उघडायच्या आतच ते म्हणत, "कारण नगं, काम दाव." मी संघात बचावाला खेळायचो, आणि गोल खाल्ला की तेच ऐकायला मिळे, त्यामुळे हे वाक्य माझ्या वाट्याला पुष्कळ आलं. पण माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा जनरलांनी तालमीतल्या पोरांच्या पाळ्या लावल्या आणि वडिलांच्या उशाशी माणूस नाही असा एक तास जाऊ दिला नाही. मला त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं घरी जाऊन झोपायला सांगितलं. तेव्हापासून माझा त्यांच्यावर जीव होता, आणि तो असतानाच ते डोक्याला ताप वाटत, हेही खरं.

कारगिलच्या वर्षी शेजारच्या देशात एका जनरलने सरकार उलथून स्वतः गादी घेतली. सकाळी तालमीत पेपर वाचून झाल्यावर आमचे जनरल चष्मा पुसत म्हणाले, "वाईट केलं. थोड्या दिसांसाठी म्हणून बसत्यात आणि उठायचं नावच काढत न्हाईत. असल्यांना कुणीतरी तोंडावर सांगायला पायजे."

सगळे मातीकडे बघू लागले. तालमीतले सर्वात जुने पैलवान म्हणजे वस्ताद. ते तेवढं "व्हय की, जनरल" म्हणाले आणि लंगोट आवळायला आत गेले.

पुढे मात्र गंमत राहिली नाही. फुटबॉलचा संघ ते हजेरी बघून निवडत. आमचा सगळ्यात चपळ खेळाडू रात्रपाळी करून यायचा, त्याला उशीर व्हायचा, म्हणून त्याला मोठ्या सामन्यात बाहेर बसवला. "गोल न्हाय झाला तरी चालंल, येळंवर यायचं," हे त्यांचं उत्तर. आम्ही हरलो आणि तो पोरगा दुसऱ्या पेठेच्या संघात गेला. त्याच्यामागून आणखी काही गेले. पहाटेची रांग आखूड होत चालली. जनरलांना हटवलं नाही तर तालीम मोडणार होती, आणि तालीम सोडली तर जनरलांना दुसरं काही नव्हतं.

आमच्याकडे माणसाला खुर्ची सोड असं म्हणत नाहीत. त्याचा सत्कार करतात. फेटा, शाल, नारळ, भाषणं झाली की शहाणा माणूस काय ते समजतो आणि दुसऱ्या दिवसापासून घरी बसतो. तसा सत्कार आम्ही ठरवला. शेवटी वस्तादांनी नवा अध्यक्ष जाहीर करायचा होता. पण फेटा बांधलेले जनरल बघून वस्तादांना हुंदका आला आणि ते तसेच खाली बसले. जनरलांनी माइक घेतला. "तुमचं एवढं प्रेम हाय म्हणल्यावर मी कशाला हटतोय? करतो की आणि चार-पाच वर्सं." आम्ही कडकडून टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार होतो?

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी होतो. पाहुण्यांना दिसेल असा तो फेटा काचेच्या कपाटात कुठे ठेवावा, हे ते मला दाखवत होते. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, भाकरी थापत होत्या. त्या सीमाभागातल्या, बोलायला फटकळ. तिथूनच म्हणाल्या, "अवो, त्यो सत्कार न्हवता, निरोप हुता. साऱ्या पेठंला कळलं, तुमाला तेवढं न्हाय कळलं."

जनरलांनी माझ्याकडे बघितलं. "खरं हाय?"

मी मान डोलावली. त्यांनी फेटा कपाटात ठेवला आणि कपाट बंद केलं.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाली नाही. सगळे जमल्यावर ते म्हणाले, "आज हात वर करून अध्यक्ष निवडायचा. माझं नाव घ्यायचं न्हाय." मग म्हणाले, "एवढ्या वर्सांत एकालाबी मला सांगायचं धाडस झालं न्हाय. मला वाटलं शिस्त हाय. तुमाला भ्या हुतं व्हय रं माझं?"

"भ्या न्हवतं, जनरल," वस्ताद म्हणाले. "माया हुती."

"मग त्ये तरी सांगायचं की," जनरल म्हणाले आणि दारातल्या चपला पायात घालून घरी गेले.

नंतर मुलाने त्यांना पुण्याला नेलं आणि काही वर्षांनी ते तिकडेच वारले. चपळ पोरगा परत आला, संघ पुन्हा उभा राहिला. आमच्या तालमीत आता अध्यक्ष चुकला की त्याला तोंडावर सांगतात. आणि माणूस आवडत असेल तर तेही तो जिवंत असताना सांगायचं, असं जनरल गेल्याचं कळलं त्या दिवशी आम्ही ठरवलं. पहिलं चांगलं जमतं. दुसऱ्याची अजून सवय नाही.